पोहोचल्यानंतरचे वाङ्मय

परदेशी जाऊन कायमचे राहणाऱ्यांविषयी आपल्या समाजात अलीकडे बरेच लिहिले जाते. नाताळचा विशेषांक असो की कथास्पर्धा असो, या विषयावरची एखादी तरी कथा हाती येतेच. तसे होणे स्वाभाविक आहे. माझ्या धर्मग्रामात अशी आळी शोधून काढावी लागेल, जिथल्या एकाही घरचे माणूस आखातात, कॅनडात किंवा इंग्लंड-आयर्लंडकडे गेलेले नाही. मात्र या कथा एकापाठोपाठ एक वाचल्यावर मनात जी शंका उभी राहिली, ती वाचकांपुढे मांडावी म्हणून हा लेखप्रपंच.

या कथांचा साचा आता ठरून गेला आहे. ओट्यावर बसलेला म्हातारा, भिंतीवर पवित्र हृदयाची तसबीर, अंगणात वाळत घातलेली सुकट आणि रविवारी संध्याकाळी येणारा फोन. मुलगा पहिल्या वर्षी आठवड्याला बोलतो, दुसऱ्या वर्षी महिन्याला, पुढे नातवंडांची छायाचित्रे तेवढी येतात. शेवटी म्हातारा डोळे मिटतो. मुलगा अंत्यविधीला पोहोचत नाही. पोहोचलाच तर चौथ्या दिवशी वाडी विकण्याची गोष्ट काढतो. लेखक हळवा असेल तर अखेरच्या परिच्छेदात एखादे केळीचे पान वाऱ्याने फाटते.

ही दुःखे खोटी आहेत असे कोण म्हणेल? मी स्वतः ती पाहिली आहेत. माझा आक्षेप निराळा आहे. या कथांतून परदेश कुठेच दिसत नाही. कॅनडा म्हणजे बर्फ आणि दुबई म्हणजे वाळू, एवढ्यावर भूगोल संपतो. कथा एक तर विमानतळावर संपते, नाही तर फोन वाजल्यावर सुरू होते. मधला सारा काळ, म्हणजे सामान खाली ठेवल्यापासून ते परक्या गावाला आपले गाव म्हणेपर्यंतची पाच-दहा वर्षे, लेखकाने गाळलेली असतात. खरी माणसे मात्र नेमकी त्या गाळलेल्या वर्षांत राहत असतात.

अशा कथांची मी याच पानांतून स्तुती केलेली आहे, हे आधी कबूल केले पाहिजे. नुसती स्तुतीच केली असती तर एक वेळ चालले असते. सात-आठ वर्षांपूर्वी माझ्या धर्मग्रामातील एका वृद्ध गृहस्थाच्या अंत्यविधीच्या मिस्सेत प्रवचन करताना मी परदेशी गेलेल्या मुलांविषयी दोन वाक्ये बोललो. पैसा पाठवता येतो, खांदा पाठवता येत नाही, असा काहीसा त्यांचा आशय होता. वाक्ये लोकांना आवडली. मलाही आवडली असावीत. त्या गृहस्थाची मुलगी इंग्लंडमध्ये परिचारिका होती आणि ती आली नव्हती. महिन्याभराने तिचे पत्र आले. त्यात राग असा नव्हता. तिच्या वास्तव्याच्या परवान्याची मुदत संपत आली होती, मुदतवाढीचा अर्ज तिने दिलेला होता आणि त्याचा निकाल लागायचा होता. अशा अर्जाचा निकाल लागण्यापूर्वी अर्जदाराने देश सोडला, तर त्याने अर्ज मागे घेतला असे तिथला कायदा धरतो. ती आली असती तर नोकरी गेली असती, आणि तिच्या परवान्यावर राहणाऱ्या नवऱ्याचे नि दोन मुलांचे वास्तव्यही संपले असते. वडिलांचा अंत्यविधी तिने रात्रपाळीला जाण्यापूर्वी दूरध्वनीच्या पडद्यावर पाहिला होता. माझे प्रवचनही ऐकले होते.

ती दोन वाक्ये मला कुठून सुचली, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. ती शुभवर्तमानातून आली नव्हती, अनुभवातूनही आली नव्हती. ती या कथांतून आली होती. वाङ्मयाचा साचा माणसाच्या तोंडी कसा बसतो आणि तो कुणाला कापतो, हे मला त्या पत्राने शिकवले. म्हणून ही चर्चा मला नुसती वाङ्मयीन वाटत नाही.

मराठीत या विषयाची परंपरा नाही असेही नाही. प्रवासवर्णन हा तर आपला लाडका प्रकार. पण प्रवासी आणि स्थलांतरित यांत मोठे अंतर आहे. प्रवाशाच्या खिशात परतीचे तिकीट असते, म्हणून त्याला गैरसोयीचीही मौज वाटते. पु. ल. देशपांडे यांची १९६० सालची 'अपूर्वाई' मी अनेकदा वाचली आहे आणि दर वेळी हसलो आहे. ते हसू परतणाऱ्या माणसाचे आहे. काट्याचमच्याची फजिती चार दिवस गमतीची असते. चार वर्षे ती फजिती राहत नाही, काही तरी दुसरेच होते. त्या दुसऱ्या गोष्टीला अपूर्वाईत जागा नाही आणि असायचे कारणही नाही. दुसऱ्या टोकाला जयवंत दळवींचे १९७३ सालचे 'संध्याछाया'. एक मुलगा अमेरिकेत, दुसरा हवाई दलात, आणि घरात दोन म्हातारे जीव. नाटक थोर आहे. पण त्याने मागे राहिलेल्यांची बाजू इतकी प्रभावीपणे मांडली की पुढच्या लेखकांना दुसरी बाजू असू शकते याचा विसर पडला. आपल्या कथांतले ओट्यावरचे म्हातारे बहुधा नाना-नानींचेच दूरचे नातेवाईक आहेत.

मला जे हवे आहे ते शोधायला मागे जावे लागते. पंडिता रमाबाईंचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' १८८९ साली प्रसिद्ध झाले. १८८६ ते १८८८ या काळात त्या अमेरिकेत होत्या. पुस्तकाचे नावच पाहावे: लोकस्थिती आधी, प्रवासवृत्त नंतर. राज्यव्यवस्था, घरगुती स्थिती, शिक्षण, धर्मपंथ आणि धर्मादाय संस्था, स्त्रियांची अवस्था, व्यापार अशी प्रकरणे त्यांनी पाडली. परक्या देशात घर कसे चालते, बाई पैसा कसा मिळवते, संस्था कशी उभी राहते हे त्यांना पाहायचे होते, कारण परत येऊन त्यांना विधवांसाठी शारदा सदन काढायचे होते. त्यांच्या नजरेला काम होते, म्हणून ती कुठे रेंगाळत नाही.

एवढे असूनही या पुस्तकात एक गोष्ट नाही, आणि ती नसणे मला फार बोलके वाटते. या पुस्तकात रमाबाईंची स्वतःची अडचण नाही. १८८३ पासून त्या इंग्लंडमध्ये होत्या, वाँटेजच्या अँग्लिकन धर्मभगिनींच्या आश्रयाला. तिथे त्यांचा स्नानसंस्कार झाला, आणि तिथेच जेवणाच्या ताटावरून खटका उडाला. मांस नाही, अंडी नाहीत, हा त्यांचा नियम ख्रिस्ती झाल्यावरही सुटला नाही. त्यांना आधार देणाऱ्या भगिनीला त्यात जातीचा जुना अभिमान दिसला. रमाबाईंना तो आपल्या विवेकाचा प्रश्न वाटला. आश्रय देणाऱ्याच्या टेबलावर बसून त्याचे अन्न नाकारणे ही स्थलांतरिताच्या आयुष्यातली केवढी अवघड घडी असते! कृतज्ञता आणि स्वत्व यांची झटापट एका पुडिंगवरून होते. हे सारे त्यांच्या इंग्रजी पत्रव्यवहारात आहे. तो पत्रव्यवहार ग्रंथरूपाने १९७७ साली प्रसिद्ध झाला. मराठी वाचकाला रमाबाईंनी अमेरिका दाखवली, वाँटेजचे ताट दाखवले नाही. ज्याला सार्वजनिक कार्य करायचे आहे त्याने खासगी अडचण सांगू नये, असा तो काळ होता. आपल्या कथालेखकांवर तशी सक्ती नाही, तरी तेही ते ताट दाखवत नाहीत.

आनंदीबाई जोशींच्या बाबतीत याहून विचित्र गोष्ट घडली. त्यांची पत्रे त्यांनी स्वतः लिहिली, पण दंतकथा आपण लिहिली. ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून त्यांनी बोट धरली तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांना मिळाली. त्या समारंभाला रमाबाई हजर होत्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला. एवढ्या तारखा शाळकरी मुलालाही ठाऊक असतात. त्यांच्यामधली तीन वर्षे कशी गेली, हे मात्र आपण विचारत नाही. नऊवारी लुगड्यात पाय उघडे पडतात आणि फिलाडेल्फियाची थंडी पायांतूनच चढते, म्हणून त्यांना नेसण्याची तऱ्हा बदलून गुजराती पद्धत घ्यावी लागली. त्यावर हजारो मैलांवरून नवऱ्याला काय वाटेल, याचीही धास्ती बाळगावी लागली. खोलीतील शेगडी नीट नव्हती. पेटवली की खोलीभर धूर, न पेटवली की गारठा. शाकाहाराचा निश्चय होता, तेव्हा अभ्यास सांभाळून स्वयंपाकही आपणच करायचा. क्षयाने मृत्यू आला असे आपण लिहितो आणि त्याला दैव म्हणतो. त्या शेगडीचा आणि त्या अर्धपोटी जेवणाचा त्यात काही वाटा होता काय, हा प्रश्न मला दैवापेक्षा अधिक अस्वस्थ करतो. श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही १९६८ सालची कादंबरी वाचनीय आहे, परंतु तिचे नावच सांगते की तिचा विषय दांपत्य हा आहे. स्थलांतरित आनंदीबाईंवरची कादंबरी मराठीत अजून व्हायची आहे.

आता ज्या लेखकापाशी मला अधिक वेळ थांबायचे आहे, तो आपल्या घरचाच आहे असे आपण मानतो, आणि तो परदेशी होता हे त्यामुळेच विसरतो. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमधील विल्टशरचे. १५७५ साली रोममध्ये त्यांनी येशूसंघात प्रवेश केला, ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून जहाजात बसले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरले. १६१९ साली गोव्यातच त्यांचे देहावसान झाले. मधल्या चाळीस वर्षांत ते एकदाही मायदेशी गेले नाहीत. 'ख्रिस्तपुराणा'तील मराठीच्या स्तुतीच्या ओव्या आपण दर वर्षी मराठी भाषा गौरवदिनी म्हणतो. मीही शाळांतून म्हणवून घेतल्या आहेत. परंतु त्या ओव्यांमागचा माणूस कोणत्या अडचणींतून तिथवर आला, याविषयी आपल्या समीक्षेला कुतूहल कमीच.

गोव्यात उतरल्यावर तीनच आठवड्यांच्या आत, १० नोव्हेंबर १५७९ रोजी, त्यांनी वडिलांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. हॅक्लुटच्या प्रसिद्ध प्रवाससंग्रहात ते छापले गेले. मी ते प्रथम सेमिनरीत असताना वाचले आणि निराश झालो. एका मिशनऱ्याचे पहिले पत्र, त्यात आत्म्याच्या कळवळ्याची भाषा असेल अशी माझी अपेक्षा होती. पत्रात होते वारे, प्रवाह, माशांच्या आणि पक्ष्यांच्या जाती, गिनीच्या किनाऱ्यावर वारा पडून जहाज खोळंबल्याची हकीकत. पूर्व-पश्चिम अंतर मोजायला आकाशात कोणताही स्थिर बिंदू नाही, ही खलाशांची अडचण त्यांनी वडिलांना समजावून सांगितली आहे. लांबलेल्या प्रवासात हिरड्या सुजतात, त्या कापाव्या लागतात, हातपाय हलेनासे होतात. जहाजावर दीडशेहून अधिक लोक आजारी पडले आणि सत्तावीस मेले, आणि हा आकडा इतर खेपांच्या मानाने थोडाच समजला जातो, हेही त्यांनी लिहिले आहे. शेवटी नव्या देशाविषयी चार ओळी: युरोपात पाहिलेले झाड इथे जवळजवळ दिसत नाही, आणि एक माड आहे, ज्याच्यापासून तेल, पेय, गूळ, शिरका, दोरखंड सारे काही निघते.

त्या वेळी मला हे पत्र कोरडे वाटले होते. आज पन्नाशी उलटल्यावर, शेकडो कुटुंबांना निरोप दिल्यावर, मला त्यात एका मुलाचा शहाणपणा दिसतो. वडिलांना काळजी असणार ती जहाजाची, पाण्याची, खाण्याची. मुलगा त्यांना नेमके तेच सांगतो. प्रेमाचे शब्द तो फारसे वापरत नाही. माडापासून काय काय निघते ते सांगतो, म्हणजे इथे उपासमार होणार नाही एवढे त्यांना कळते. कॅनडाहून पहिल्या आठवड्यात येणाऱ्या निरोपांत भाड्याच्या खोलीचे, बसच्या पासाचे आणि तांदूळ कुठे मिळतो याचेच वर्णन असते. आई-वडील ते शब्द ओट्यावर पुन्हा पुन्हा वाचून दाखवतात. आपला कथालेखक त्याच ओट्यावर बसलेला असतो, पण त्याच्या कानांना फक्त हुंदका ऐकू येतो.

पुढची हकीकत आणखी उद्बोधक आहे. १५८३ साली राल्फ फिच, जॉन न्यूबेरी, जवाहिऱ्या विल्यम लीड्स आणि चित्रकार जेम्स स्टोरी हे चार इंग्रज होर्मुझ येथे हेरगिरीच्या संशयावरून पकडले जाऊन गोव्याच्या तुरुंगात आले. परक्या देशात, परक्या भाषेत, जामिनाला कुणी उभे राहीना. त्यांच्यासाठी जामिनाची खटपट करणाऱ्यांत फादर स्टीफन्स होते. स्टीफन्स येशूसंघीय, त्यांच्या मायदेशी येशूसंघीय धर्मगुरूला पाय ठेवणेही धोक्याचे होते. एडमंड कॅम्पियन यांना लंडनमध्ये देहदंड होऊन जेमतेम दोन वर्षे लोटली होती. तरीही आपल्या मुलखाचे माणूस अडकले म्हणताच ते धावले. चित्रकार स्टोरीला येशूसंघीयांनी चर्चच्या रंगकामासाठी ठेवून घेतले. तो पुढे संघातून बाहेर पडून गोव्यातच दुकान थाटून राहिला. उरलेले तिघे १५८४ च्या एप्रिलमध्ये गोव्याहून निसटले. या एका प्रसंगात कादंबरीचा ऐवज आहे: पोहोचलेला, अडकलेला, रुजलेला आणि पळालेला, असे चार तऱ्हांचे परदेशस्थ एका गावात एका वर्षी एकत्र आले होते. आपल्याकडे त्यावर कुणी काही लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

भाषेचे काय? आल्यावर चारच वर्षांनी, ऑक्टोबर १५८३ मध्ये, स्टीफन्स आपल्या भावाला लिहितात की इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनशी जुळती आहे. हे निरीक्षण भाषाशास्त्राच्या इतिहासात नोंदले गेले आहे. मला त्यातली घाई आणि सबुरी दोन्ही जाणवतात. चार वर्षांत त्यांना भाषेचा सांगाडा कळला होता, आणि 'ख्रिस्तपुराण' राचोलला छापले गेले १६१६ साली, म्हणजे आगमनानंतर ३७ वर्षांनी. मधला काळ साष्टीतल्या गावांत गेला. स्वर्गाला 'वैकुंठ' म्हणण्याइतकी भाषा अंगात मुरायला काळ जावा लागतो. ती शब्दकोशातून येत नाही. आणि एवढे झाल्यावरही अडचण उरलीच. १६०८ मध्ये त्यांनी देशी लिपीत ग्रंथ छापण्यासाठी रोमकडे विनंती केली होती. ती फळाला आली नाही. पुराण रोमन लिपीत छापावे लागले. शांताराम बंडेलू यांनी संपादिलेली देवनागरी आवृत्ती १९५६ साली निघाली, तेव्हा कुठे ज्या भाषेची स्तुती त्या ग्रंथात आहे त्या भाषेच्या सर्वसाधारण वाचकाला तो छापील रूपात वाचता आला. खिळ्यांचा साचा मिळाला नाही म्हणून एक ग्रंथ आपल्या वाचकाला तीन शतके मुकला. व्यवहाराच्या अडचणी वाङ्मयाच्या बाहेरच्या असतात, असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. फादर स्टीफन्स आणि आखातात जाणारा आपला वायरमन यांची तुलना एका मर्यादेपर्यंतच चालते. स्टीफन्स यांच्या पाठीशी पोर्तुगीज सत्ता होती, आणि तिने साष्टीत जे केले त्याचे समर्थन आज कोणताही ख्रिस्ती माणूस करणार नाही. १५८३ साली कुंकळ्ळीला पाच येशूसंघीय मारले गेले आणि त्याचा सूड म्हणून गावच्या प्रमुखांना ठार करण्यात आले, तेव्हा स्टीफन्स त्या परिसरातच होते. आपला वायरमन तलवार घेऊन जात नाही. त्याचा पासपोर्ट कधी कधी मालकाच्या कपाटात असतो. तेव्हा स्टीफन्सना आदर्श स्थलांतरित ठरवण्याचा माझा हेतू नाही. त्यांनी आपल्या अडचणी लपवल्या नाहीत आणि त्या अडचणींतूनच त्यांचे लेखन उभे राहिले, एवढेच मला दाखवायचे आहे.

आमच्या धर्मग्रंथालाही व्यवहाराचे वावडे नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात योसेफ आपल्या भावांना फारोपुढे नेण्यापूर्वी पढवून ठेवतो: धंदा विचारतील, तेव्हा आम्ही पिढीजात गुरेमेंढरे पाळतो असेच सांगा. मिसरी लोकांना मेंढपाळांचा विटाळ आहे, म्हणजे ते तुम्हांला गोशेन प्रांतात वेगळे राहू देतील. वकिलातीतील मुलाखतीची तयारी याहून निराळी काय असते? आणि बाबेलच्या बंदिवानांना यिर्मयाने लिहिलेल्या पत्रात घरे बांधा, मळे लावा, मुलांची लग्ने करा असाच उपदेश आहे. प्रवचनांत आम्ही त्याच अध्यायातील आशेचे वचन तेवढे उचलतो आणि मळे वगळतो.

'हे सारे कथेत आणले तर कथेची तहसील कचेरी होईल,' असे माझे एक शिक्षक मित्र म्हणाले. त्यांना मी 'स्मृतिचित्रे'ची आठवण दिली. लक्ष्मीबाई टिळकांच्या त्या ग्रंथातून भांडीकुंडी, उसनवारी आणि आण्यांचा हिशेब काढून टाका; काय उरेल? बारीकसारीक तपशिलाने वाङ्मय रुक्ष होत नाही. तपशील माणसाला लागून आलेला नसला म्हणजे ते रुक्ष होते.

आणि तहसील कचेरीत नाट्य नसते, असे ज्याला वाटते त्याने एक सकाळ धर्मग्रामाच्या कार्यालयात येऊन बसावे. स्नानसंस्काराच्या रजिस्टरमध्ये आडनाव 'लोपिस', शाळेच्या दाखल्यावर 'लोपेज', पासपोर्टवर आणखी तिसरेच. माणूस एक, कागदावर तिघे. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नावाची दुरुस्ती, परराष्ट्र खात्याचा शिक्का, आणि तोवर तिकडची जागा भरली जाते. आजोबांनी नाव सांगितले, त्या काळच्या धर्मगुरूने कानाला जसे ऐकू आले तसे लिहिले. त्या एका अक्षरापायी नातवाचे वर्ष जाते. मी हे अक्षर बदलू शकत नाही. शेरा लिहू शकतो.

वाडी विकणाऱ्या त्या दुष्ट मुलाकडेही जरा पाहू. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे नागरिकत्व आपोआप संपते. त्यानंतर त्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली ठेवता येते, पण पुढे विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. सातबाऱ्यावर वारसांची नावे चढवायची आहेत, रजा दहा दिवसांची, त्यातले चार मृत्युविधीत गेले. तो गेल्यावर कुलमुखत्यारपत्र करायचे तर तिकडच्या भारतीय वकिलातीत जाऊन सही करा, कागद इकडे पाठवा, आणि तो आल्यापासून तीन महिन्यांत इथे मुद्रांक भरा. हे ठाऊक असलेला लेखक त्या मुलाला चौथ्या दिवशी वाडीची गोष्ट काढायला लावील, यात शंका नाही. पण त्या वेळी मुलाचा चेहरा कसा होता, हे त्याला निराळे लिहावे लागेल. मुलगा तरीही लोभी निघू शकतो. तसे असेल तर त्याचा लोभही मग अधिक खरा वाटेल.

'आईला तिकडे का नेत नाही?' हा दुसरा ठरलेला प्रश्न. कॅनडा आई-वडिलांना दीर्घ मुदतीचा एक खास परवाना देते. त्यासाठी मुलाचे उत्पन्न ठराविक हवे, वैद्यकीय तपासणी हवी आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा वर्षभराचा आरोग्यविमा हवा. सत्तरी ओलांडलेल्या, मधुमेह असलेल्या बाईच्या विम्याचा हप्ता भरताना मुलगा-सून रात्री काय बोलत असतील, तो संवाद मला वाचायचा आहे. आखाताची गोष्ट आणखी वेगळी. तिथे पंचवीस वर्षे राहूनही आपला माणूस राहणारा होत नाही. नोकरी संपली की वास्तव्याचा परवाना संपतो. म्हणून तो तिकडून पैसे पाठवून इकडे दुमजली घर बांधतो, आणि साठीला परततो तेव्हा त्याचे गुडघे जिना चढू देत नाहीत. वरचा मजला कुलूपबंद राहतो. असे मजले माझ्या धर्मग्रामात बरेच आहेत. घरे आशीर्वादित करताना मी त्या खोल्यांतून पवित्र पाणी शिंपडून आलो आहे.

पहिल्या वर्षाच्या हिवाळ्यात अंगावर चढणारी एकलकोंडी उदासी, इथे पदवीधर असलेल्या माणसाला तिथे मिळालेले गुदामातले काम, पतपत्रिका नाही म्हणून घर न देणारा घरमालक, आणि मराठी समजणारी पण मराठीत उत्तर न देणारी मुले, हे सारे विषय मी नुसते उच्चारतो. ते ज्यांनी भोगले त्यांनीच लिहावेत. ओट्यावरून ते दिसणार नाहीत, आणि परसदारी बसलेल्या माझ्यासारख्या धर्मगुरूलाही पुरतेपणी दिसत नाहीत.

त्या परिचारिकेला मी क्षमापत्र लिहिले होते. पुढल्या वर्षी ती आली. वडिलांच्या कबरीवर जाऊन आल्यावर कार्यालयात बसली, चहा घेतला, माझ्या प्रवचनाचा विषय तिने काढला नाही. तिला काम होते. बँकेसाठी आणि सातबाऱ्यासाठी वडिलांच्या दफनाच्या नोंदीचा उतारा हवा होता, दोन प्रतींत. मी रजिस्टर उघडले. नोंद माझ्याच हातची होती. तिच्या पासपोर्टवर वडिलांचे आडनाव एका तऱ्हेने होते आणि मी ते दुसऱ्याच तऱ्हेने लिहिले होते. तिने ते माझ्याआधी पाहिले. तिची परतीची तारीख सोमवारची होती. मी लेखणी घेतली आणि समासात शेरा कसा लिहावा, याचा विचार करू लागलो.